सायलेन्सर बदल (मोटारसायकल)

सायलेन्सर बदल म्हणजे मोटारसायकलला उत्पादकाने बसवलेला मूळ सायलेन्सर काढून त्याजागी वेगळ्या रचनेचा सायलेन्सर बसवणे. दुचाकींमध्ये केल्या जाणाऱ्या फेरबदलांपैकी हा सर्वाधिक प्रचलित फेरबदल आहे. एकसिलिंडर क्रूझर आणि पारंपरिक धाटणीच्या मोटारसायकलींच्या बाबतीत तो विशेष आढळतो, कारण या गाड्यांचा संथ, ठाशीव आवाज हा त्यांच्या ओळखीचा भाग मानला जातो. भारतात रॉयल एनफिल्ड बुलेट आणि तिच्या वंशातील गाड्यांच्या संदर्भात हा विषय प्रामुख्याने चर्चिला जातो.

सायलेन्सर बदलल्याने गाडीचा आवाज, वजन व स्वरूप बदलते. त्याबरोबरच इंधन-हवा मिश्रणाचे प्रमाण, इंजिनाचे तापमान, प्रदूषक वायूंचे उत्सर्जन आणि गाडीची कायदेशीर स्थिती यांवरही परिणाम होतो. भारतात मंजूर नमुन्याशी विसंगत व आवाज वाढवणारा सायलेन्सर सार्वजनिक रस्त्यावर वापरणे हा दंडनीय अपराध आहे.

संज्ञा

उत्सर्जन प्रणालीच्या ज्या भागाला अमेरिकी इंग्रजीत मफलर म्हणतात त्याला ब्रिटिश वळणानुसार भारतात सायलेन्सर म्हणतात. मराठीतही हाच शब्द रूढ आहे. बोलीभाषेत त्याला 'पुंगळी' असेही म्हणतात. आवाज रोखणारा भाग काढून टाकलेल्या गाडीविषयी 'पुंगळी काढलेली बुलेट' असा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतही आढळतो. मोटारसायकलला पूर्वीपासून असलेले 'फटफटी' हे नाव तिच्या आवाजावरूनच पडले आहे.

सिलिंडर हेडपासून सायलेन्सरपर्यंत येणाऱ्या वाकड्या नळीला दुरुस्तीच्या व्यवसायात 'बेंड पाइप' म्हणतात. बेंड पाइप कायम ठेवून फक्त सायलेन्सर बदलणे आणि बेंड पाइपसह संपूर्ण उत्सर्जन प्रणाली बदलणे असे या फेरबदलाचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार अधिक स्वस्त व अधिक प्रचलित आहे.

पार्श्वभूमी

क्रूझर मोटारसायकलीत बैठक खाली, पायटे पुढे आणि हँडल उंच असते. अशा गाड्यांत कमी फेऱ्यांवर अधिक पीळबल देणारे इंजिन पसंत केले जाते. बहुतेक मोठ्या क्रूझर गाड्यांना दोन सिलिंडर असतात. तथापि भारतात ३५० घनसेंटिमीटर गटातील एकसिलिंडर गाड्यांनी हे स्थान मिळवले आहे.

इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीने बुलेट हे नाव १९३० च्या दशकात वापरात आणले. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडियाची स्थापना होऊन मद्रासजवळ बुलेटचे उत्पादन सुरू झाले. बुलेट ३५० च्या इंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर, तर दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर होती. या लांब धावेमुळे आणि जड चक्रामुळे इंजिन कमी फेऱ्यांवर संथपणे चालत असे. त्या संथ चालीतूनच प्रत्येक ठोका सुटा ऐकू येणारा 'डुगडुग' आवाज निर्माण झाला.

याच कंपनीने २००२ मध्ये थंडरबर्ड ही क्रूझर बाजारात आणली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिची जागा मीटिऑर ३५० ने घेतली. मीटिऑरच्या ३४९ घनसेंटिमीटर इंजिनाचा व्यास ७२ मिलिमीटर व धाव ८५.८ मिलिमीटर आहे. ते ६,१०० फेऱ्यांवर सुमारे २० अश्वशक्ती आणि ४,००० फेऱ्यांवर २७ न्यूटन-मीटर पीळबल देते. पुण्याच्या बजाज ऑटोची ॲव्हेंजर हीदेखील एकसिलिंडर क्रूझर आहे. भारताबाहेरील उदाहरणांत सुझुकीची ६५२ घनसेंटिमीटरची सॅव्हेज ही क्रूझर उल्लेखनीय आहे. अमेरिकेत या गाडीला हार्ले-डेव्हिडसन गाड्यांचे उतरवलेले सायलेन्सर बसवण्याची पद्धत तिच्या मालकांमध्ये रूढ झाली.

मूळ सायलेन्सरची रचना व कार्य

चार धावांच्या इंजिनात चक्रदंडाच्या दर दोन फेऱ्यांना एकदा ज्वलन होते. निष्कास झडप उघडताच उच्च दाबाचा तप्त वायू बेंड पाइपमध्ये शिरतो आणि दाबाची एक तीव्र लहर निर्माण होते. हीच लहर नळीच्या तोंडातून बाहेर पडल्यावर स्फोटासारखा आवाज होतो. या लहरीची तीव्रता कमी करून वायूला शक्य तितक्या कमी अडथळ्याने बाहेर सोडणे हे सायलेन्सरचे काम असते.

एकसिलिंडर इंजिनात मिनिटाला ४,००० फेऱ्या होत असताना सेकंदाला सुमारे ३३ ज्वलने होतात. मिनिटाला १,०५० फेऱ्यांवर हाच आकडा ९ च्या आसपास येतो. मूळ कंपनाची वारंवारता अशी कमी असल्याने तिची तरंगलांबी मोठी असते. ७०० केल्व्हिन तापमानाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५२५ मीटर असतो. त्यानुसार ३३ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळपास १६ मीटर होते. एवढ्या लांबीची लहर छोट्या डब्यात शमवणे कठीण असते. म्हणूनच मूळ सायलेन्सरचे आकारमान इंजिनाच्या घनक्षमतेच्या कित्येक पट ठेवावे लागते आणि एकसिलिंडर गाड्यांचे सायलेन्सर लांब व जड असतात.

ध्वनिशमनाच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

परावर्ती पद्धत: सायलेन्सरच्या आत पडदे घालून कप्पे केलेले असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना नळीचा छेद अचानक बदलतो व ध्वनिलहरीचा काही भाग मागे परावर्तित होतो. परावर्तित व पुढे येणाऱ्या लहरी परस्परांना काही प्रमाणात निष्प्रभ करतात. ही पद्धत कमी वारंवारतेच्या आवाजासाठी उपयुक्त असते. बहुतेक मूळ सायलेन्सरांत हीच पद्धत मुख्य असते.

शोषक पद्धत: छिद्रे पाडलेल्या सरळ नळीभोवती काचतंतू, म्हणजेच ग्लास वूल, किंवा पोलादी लोकर भरलेली असते. ध्वनीची ऊर्जा या तंतूंत शिरून उष्णतेत रूपांतरित होते. ही पद्धत उच्च वारंवारतेचा कर्कशपणा कमी करते. खालच्या पट्टीतील घुमणारा आवाज मात्र तिच्यातून बराचसा बाहेर येतो.

आधुनिक गाड्यांत उत्सर्जन प्रणालीतच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. मॉडेलनुसार तो बेंड पाइपमध्ये किंवा सायलेन्सरच्या आत असतो. त्याच्या आधी ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. सेन्सर ज्वलनानंतर उरलेल्या ऑक्सिजनवरून मिश्रणाची स्थिती इंजिनाच्या नियंत्रकाला कळवतो.

बदलामागील कारणे

सायलेन्सर बदलण्यामागे पुढील कारणे आढळतात.

आवाज: उत्सर्जनाचे नियम कडक होत गेल्याने नव्या गाड्यांचा आवाज जुन्या गाड्यांपेक्षा सौम्य झाला. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा आवाज परत मिळावा ही अनेक मालकांची अपेक्षा असते. आवाजाला लाभलेल्या या व्यापारी महत्त्वाचे एक उदाहरण अमेरिकेत दिसते. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने आपल्या द्विसिलिंडर इंजिनाचा आवाज व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी १९९४ मध्ये अर्ज केला होता. तो २००० मध्ये मागे घेतला गेला.

स्वरूप: निमुळता, आखूड अथवा जुन्या ब्रिटिश घाटाचा सायलेन्सर अनेकांना आकर्षक वाटतो.

वजन: सरळ नळीच्या सायलेन्सरात आतील कप्पे नसल्याने तो मूळ सायलेन्सरपेक्षा हलका असतो.

झीज: सौम्य पोलादाचा सायलेन्सर आतून गंजतो. ज्वलनात तयार होणारी पाण्याची वाफ थंड सायलेन्सरात साचते व आम्लधर्मी होते. केवळ थोड्या अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही, त्यामुळे तो लवकर गंजतो. कोकण व गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत बाहेरूनही गंज चढतो. अशा वेळी मूळ नमुन्याचाच नवा सायलेन्सर बसवणे ही दुरुस्ती ठरते. तिला फेरबदल म्हणता येत नाही.

पर्यायी सायलेन्सरचे प्रकार

भारतीय बाजारात एकसिलिंडर गाड्यांसाठी अनेक नमुने प्रचलित आहेत. त्यांची नावे बहुधा आकारावरून वा प्रदेशावरून पडलेली आहेत.

गोल्डस्टार: बीएसए कंपनीच्या गोल्ड स्टार या ब्रिटिश मोटारसायकलीच्या सायलेन्सरवरून हे नाव आले. मधला भाग फुगीर व शेवट निमुळता असतो.

मेगाफोन: मागे रुंद होत जाणारा शंकूच्या आकाराचा सायलेन्सर. शंकूमुळे परावर्तित लहरींचे स्वरूप बदलते. शर्यतीच्या गाड्यांत त्याचा उपयोग होत असे.

बॉटल: बाटलीसारखा आकार. आखूड व लांब असे दोन प्रकार मिळतात. आखूड प्रकारात शमनासाठी जागा कमी असल्याने आवाज अधिक असतो.

पंजाब व इंदोरी: या नावांनी विकले जाणारे सायलेन्सर विशेष मोठ्या आवाजासाठी ओळखले जातात. पोलीस कारवाईत त्यांचा उल्लेख वारंवार येतो.

काही सायलेन्सरांच्या तोंडात काढता-घालता येणारी आवाजरोधक नळी असते. तिला 'डीबी किलर' म्हणतात. ती काढल्यास आवाज बराच वाढतो. ती असली तरी सायलेन्सर मंजूर नमुन्याचा ठरत नाही.

साहित्याच्या दृष्टीने क्रोम मुलामा दिलेले सौम्य पोलाद, स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम व टायटॅनियम यांचा वापर होतो. एकपदरी पातळ पत्र्याच्या नळ्या उष्णतेने पिवळसर व पुढे निळसर पडतात. मूळ बेंड पाइप अनेकदा दुपदरी असतो. त्यामुळे त्याचा बाहेरील पृष्ठभाग कमी तापतो.

इंजिनावरील परिणाम

दाबलहरी आणि 'बॅक प्रेशर'

'इंजिनाला बॅक प्रेशर आवश्यक असते' असा समज दुचाकीचालकांत सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात वायूच्या मार्गातील अडथळा इंजिनाला उपकारक नसतो. तो ओलांडण्यासाठी दट्ट्याला अधिक काम करावे लागते. उपयुक्त असते ती नळीच्या लांबी-रुंदीतून साधलेली दाबलहरींची वेळ.

निष्कास झडप उघडल्यावर निघालेली दाबलहर नळीचा छेद जेथे मोठा होतो तेथून ऋण दाबाची लहर म्हणून परत फिरते. ती दोन्ही झडपा उघड्या असतानाच्या अल्प काळात सिलिंडरपाशी पोहोचली तर जळलेला वायू बाहेर खेचला जातो व ताजे मिश्रण आत येण्यास मदत होते. एक मीटर लांबीची नळी असल्यास लहरीला जाऊन येण्यास सुमारे ३.८ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर एवढ्या वेळात चक्रदंड सुमारे ९१ अंश फिरतो. नळीची लांबी वा छेद बदलल्यास लहर परतण्याची वेळ बदलते आणि ज्या फेऱ्यांवर लाभ होतो तो टप्पाही सरकतो.

यामुळे केवळ अडथळा काढून टाकल्याने सर्व वेगांवर शक्ती वाढते असे नाही. उच्च फेऱ्यांवर किंचित लाभ होऊन शहरी वापरातील कमी फेऱ्यांवर पीळबल घटू शकते. मूळ प्रणाली या दोन्हींचा तोल साधून रचलेली असते. मोठा आवाज ऐकून गाडी अधिक वेगवान झाल्याचा भासही चालकाला होतो. खरा फरक शक्तिमापक यंत्रावर दोन्ही सायलेन्सर लावून घेतलेल्या मोजमापातूनच कळतो.

इंधन-हवा मिश्रण

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. वायूचा प्रवाह मोकळा झाल्यास सिलिंडरमध्ये अधिक हवा येते. त्या प्रमाणात इंधन न वाढल्यास मिश्रण विरळ होते. विरळ मिश्रणामुळे इंजिन अधिक तापते, वेग देताना अडखळते आणि दीर्घकाळात झडपांना इजा होऊ शकते.

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत मुख्य जेट व पायलट जेट बदलून किंवा सुईची उंची कमी-अधिक करून मिश्रण जुळवता येते. स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग हा त्याचा पारंपरिक निकष आहे. फिकट तपकिरी रंग योग्य, पांढरट रंग विरळ आणि काळी काजळी दाट मिश्रणाची खूण मानली जाते.

इंधन फवारणी प्रणालीत ऑक्सिजन सेन्सरच्या संकेतावरून नियंत्रक ठरावीक मर्यादेत इंधन कमी-अधिक करतो. मात्र ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना तो आधी साठवलेल्या तक्त्यानुसारच इंधन देतो. मोठ्या बदलानंतर तो तक्ताही बदलावा लागतो. सेन्सर काढून टाकल्यास किंवा त्याची जोडणी तोडल्यास नियंत्रकाला चुकीची माहिती मिळते व दोषदर्शक दिवा लागतो.

'फटाके'

ॲक्सिलरेटर सोडताच सायलेन्सरातून येणाऱ्या फटफट आवाजाला बोलीभाषेत 'फटाके फोडणे' म्हणतात. सिलिंडरमध्ये न जळलेले मिश्रण तप्त नळीत पोहोचून तेथे पेटते, त्यामुळे हा आवाज होतो. अतिविरळ मिश्रण आणि सांध्यातील फटीतून आत शिरणारी बाहेरची हवा ही त्याची सामान्य कारणे आहेत. काही चालक धावत्या गाडीचे प्रज्वलन बंद-चालू करून मुद्दाम असे आवाज काढतात. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळाल्याने त्याची जाळी वितळून निकामी होण्याचा संभव असतो.

प्रदूषणावरील परिणाम

भारतात दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही मानके लागू झाली. भारत स्टेज-६ नुसार मोटारसायकलच्या उत्सर्जनाची मर्यादा दर किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड १,००० मिलिग्रॅम, हायड्रोकार्बन १०० मिलिग्रॅम आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ६० मिलिग्रॅम अशी आहे.

या मर्यादा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पाळणे शक्य नसते. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंच्या पृष्ठभागावर विषारी वायूंचे कार्बन डायॉक्साइड, पाण्याची वाफ व नायट्रोजन यांत रूपांतर होते. कन्व्हर्टर सायलेन्सरच्या आत असलेल्या गाडीचा सायलेन्सर बदलल्यास ही प्रक्रियाच थांबते. कन्व्हर्टर बेंड पाइपमध्ये असल्यास केवळ मागचा सायलेन्सर बदलल्याने तो कायम राहतो.

नियमित पीयूसी तपासणीत पेट्रोल दुचाकीच्या निष्क्रिय फेऱ्यांवरील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात. आवाज मोजला जात नाही. त्यामुळे पीयूसी प्रमाणपत्र असणे म्हणजे सायलेन्सर नियमानुसार असणे असे होत नाही.

बदलण्याची कार्यपद्धती

सायलेन्सर झिजल्याने मूळ नमुन्याचा नवा बसवताना किंवा अन्य कामासाठी तो उतरवताना पुढील क्रम पाळला जातो.

१. गाडी मधल्या स्टँडवर किंवा भक्कम आधारावर उभी करून इंजिन पूर्ण थंड होऊ दिले जाते. नुकत्याच बंद केलेल्या गाडीचा बेंड पाइप गंभीर भाजण्यास कारण ठरतो.

२. गंजलेल्या नटबोल्टांवर गंज सोडवणारे तेल टाकून ते मुरू दिले जाते. सिलिंडर हेडमधील स्टडवर जोर दिल्यास तो तुटतो आणि तुटलेला तुकडा काढणे खर्चिक असते.

३. ऑक्सिजन सेन्सरच्या तारेची जोडणी आड येत असल्यास ती सोडवली जाते.

४. बेंड पाइप व सायलेन्सर यांच्या सांध्यावरील क्लॅम्प सैल केला जातो. त्यानंतर मागच्या पायट्याजवळील आधाराचे बोल्ट काढले जातात. या वेळी सायलेन्सरला हाताने आधार द्यावा लागतो.

५. सायलेन्सर हलके फिरवत मागे ओढून काढला जातो. सांध्यातील गॅस्केट दबलेले वा फाटलेले असल्यास नवे घातले जाते. बेंड पाइप उतरवला असल्यास सिलिंडर हेडपाशी असलेले गॅस्केट बदलणे आवश्यक असते.

६. नवा सायलेन्सर बसवताना सर्व बोल्ट प्रथम सैल लावले जातात. नळीवर ताण नसल्याची खात्री करून सिलिंडर हेडकडून मागच्या दिशेने ते क्रमाने आवळले जातात. आवळण्याचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार टॉर्क पान्याने राखले जाते. ताणलेल्या स्थितीत आवळलेली नळी इंजिनाच्या कंपनांनी तडकते.

७. सायलेन्सर मागचे चाक, स्विंगआर्म व ब्रेकच्या भागांना कोणत्याही स्थितीत लागत नाही हे पाहिले जाते.

८. इंजिन सुरू करून सांध्यांतून वायू गळतो का हे तपासले जाते. गाडी एकदा तापून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळले जातात.

बोटांचे ठसे व तेलाचे डाग तापण्यापूर्वी पुसणे आवश्यक असते. अन्यथा ते क्रोमवर कायमचे भाजले जातात.

ध्वनी व आरोग्य

डेसिबल हे लघुगणकी एकक आहे. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट वाढ होय. कानाला तो आवाज साधारण दुप्पट भासतो. म्हणजेच ९० डेसिबल आवाजाची एक गाडी ध्वनिऊर्जेच्या दृष्टीने ८० डेसिबलच्या दहा गाड्यांइतकी असते.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. समजा, एखाद्या गाडीचा आवाज ७.५ मीटरवर ९५ डेसिबल आहे, तर तो ६० मीटरवरही ७७ डेसिबलच्या आसपास राहतो. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या अरुंद गल्लीत परावर्तनामुळे तो याहून कमी घटतो. रात्रीच्या शांत वेळी अशी एकच गाडी पूर्ण वस्तीची झोप मोडू शकते. रुग्ण, वृद्ध, तान्ही मुले व परीक्षार्थी यांना त्याचा त्रास सर्वाधिक होतो.

दीर्घकाळ होणाऱ्या वाहतुकीच्या गोंगाटाचा संबंध निद्रानाश, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांच्याशी आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्ते वाहतुकीचा सरासरी आवाज ५३ डेसिबलखाली आणि रात्री ४५ डेसिबलखाली राखण्याची शिफारस केली. चालकाच्या कानांनाही धोका असतो. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. आवाज वाढत जातो तसा सुरक्षित कालावधी झपाट्याने कमी होतो.

कायदेशीर स्थिती

भारत

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये उत्पादनाच्या टप्प्यावर दुचाकींसाठी आवाजाच्या कमाल मर्यादा ठरवून दिल्या आहेत.

८० घनसेंटिमीटरपर्यंत: ७५ डेसिबल
८० ते १७५ घनसेंटिमीटर: ७७ डेसिबल
१७५ घनसेंटिमीटरहून अधिक: ८० डेसिबल

ही चाचणी गाडी पूर्ण वेग देत मार्गावरून जात असताना मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटरवर ठेवलेल्या ध्वनिमापकाने होते. ३५० घनसेंटिमीटरच्या गाड्या तिसऱ्या गटात येतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा असाच अर्थ स्पष्ट केला. अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पुढील तरतुदी महत्त्वाच्या ठरतात.

कलम १८२-अ (४): परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

कलम १९० (२): ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन करणारे वाहन चालवणाऱ्यास पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने वाहन परवाना धारण करण्यास अपात्रता.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात सभोवतालच्या ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येते. तेथील मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे.

जुलै २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने फेरबदल केलेल्या सायलेन्सरांमुळे होणाऱ्या ध्वनिप्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रात पुणे, नागपूर आदी शहरांत वाहतूक पोलिसांनी वेळोवेळी मोहिमा राबवून असे सायलेन्सर जप्त केले आहेत. जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवण्याची पद्धत अनेक ठिकाणी अवलंबली जाते.

प्रत्यक्ष अंमलबजावणीतील एक अडचण मोजमापाची आहे. उत्पादनाच्या टप्प्यावरील चाचणी विशिष्ट मोकळ्या मार्गावर घेतली जाते. रस्त्यावर अडवलेल्या गाडीवर ती जशीच्या तशी घेता येत नाही. त्यामुळे कारवाई बहुधा सायलेन्सर मूळ नमुन्याचा नसल्याच्या आधारे होते. नियमबाह्य सायलेन्सर दुकानांत उघडपणे मिळत असताना फक्त चालकावर कारवाई होते, अशी टीकाही केली जाते. फेरबदलामुळे उत्पादकाची हमी नाकारली जाण्याची आणि विमा दाव्यात वाद उद्भवण्याची शक्यता असते.

इतर देश

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे नियम क्रमांक ४१ मोटारसायकलींच्या आवाजाला आणि नियम क्रमांक ९२ बदली सायलेन्सरांना लागू होतात. युरोपात मंजूर बदली सायलेन्सरावर 'ई' चिन्ह असते. असा सायलेन्सर कायदेशीररीत्या वापरता येतो. उभ्या गाडीच्या चाचणीत ध्वनिमापक नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ४५ अंशांच्या कोनात धरला जातो. ही चाचणी रस्त्याकडेलाही घेता येते.

अमेरिकेत १९८६ पासून उत्पादित रस्त्यावरील मोटारसायकलींना ८० डेसिबलची मर्यादा असून सायलेन्सरावर तसे लेखी चिन्ह असणे आवश्यक आहे. कॅलिफोर्निया राज्यात २०१३ पासून उत्पादित मोटारसायकलींवर असे चिन्ह नसल्यास चालकास दंड करण्याची तरतूद आहे.

सुरक्षिततेविषयीचा वाद

'मोठा आवाज जीव वाचवतो' असा युक्तिवाद मोठ्या आवाजाचे समर्थक करतात. आवाजामुळे इतर वाहनचालकांना मोटारसायकलची चाहूल लागते, असे त्यांचे म्हणणे असते. याविरुद्ध असा आक्षेप घेतला जातो की सायलेन्सरचे तोंड मागे असल्याने आवाजाचा रोख मागे असतो. धोका मात्र बहुधा समोरून येतो. अमेरिकेत १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालात अपघातातील तीन चतुर्थांशाहून अधिक धोके चालकाच्या सरळ समोरच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या टप्प्यात असल्याचे आढळले होते. काचा बंद असलेल्या मोटारीत बाहेरचा आवाज पुरेसा पोहोचत नाही. शिवाय मोठ्या आवाजात स्वतः चालकाला इतरांचे भोंगे व रुग्णवाहिकेचा इशारा ऐकू येणे कठीण होते.

मूळ सायलेन्सरचे जतन

फेरबदल करणारे अनेक मालक मूळ सायलेन्सर जपून ठेवतात. जप्ती वा दंडाच्या प्रसंगी गाडी पूर्ववत करून दाखवावी लागते. योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण, हमीखालील दुरुस्ती आणि पुनर्विक्री यांसाठीही तो आवश्यक ठरतो. दीर्घकाळ ठेवताना त्यातील ओल पूर्ण सुकवली जाते, तोंडे बंद केली जातात आणि क्रोमवर तेलाचा पातळ थर दिला जातो. कन्व्हर्टर असलेल्या सायलेन्सरात मौल्यवान धातू असल्याने त्याला भंगारातही मोठी किंमत मिळते. नवा सायलेन्सर विकत घेण्याचा खर्च मात्र त्याहून बराच अधिक असतो.

हेही पहा

ध्वनिप्रदूषण
भारत स्टेज उत्सर्जन मानके
कॅटॅलिटिक कन्व्हर्टर
मोटार वाहन अधिनियम, १९८८
रॉयल एनफिल्ड बुलेट